मेणाचा उजवा हात

मिस्टर आमच्या घरात पहिल्यांदा आले ते बाथरूमच्या टाइल्स बसवायला. ऑस्ट्रेलियात आल्यावर पेंडल हिलचं ते घर स्वस्तात मिळालं म्हणून मम्मी-डॅडी दोघंही खूश होते, आणि राहायला गेल्यावर कळलं की बाथरूमची फरशी खालून पोकळ झालीय. डॅडींच्या ऑफिसातल्या कुणीतरी एका इटालियन माणसाचं नाव सुचवलं. शनिवारी सकाळी पांढऱ्या यूटच्या, म्हणजे इथल्या छोट्या उघड्या टेम्पोच्या, हौद्यातून सिमेंटच्या गोण्या उतरवत एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस आला, मम्मीसमोर मान लववली, आणि गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून कामाला बसला. डॅडी त्याला चहा द्यायला गेले ते परतच येईनात. मम्मी बघायला गेली तर दोघं उखडलेल्या फरशीवर बसलेले, आणि डॅडींनी त्या माणसाचा हात स्वतःच्या हातात घेतलेला. त्या हाताची पाच बोटं पाच दिशांना गेली होती. डॅडींनी मला हाक मारली आणि म्हणाले, "लविना, बघ, असा हात फक्त गोलकीपरचाच असतो."

डॅडी वसईचे. आमच्याकडे चर्चच्या मागे मैदान आणि मैदानात फुटबॉल हे ठरलेलंच. डॅडी गावच्या टीममधून खेळायचे, आणि त्यांच्या सांगण्यावरून असं वाटायचं की ते नसते तर वसईचं काही खरं नव्हतं. त्यामुळे एका वीकेंडचं टाइल्सचं काम लांबत गेलं. मम्मी शेजारच्या मावशींकडे अंघोळीला जायची आणि येताना पुटपुटायची, हा टाइल्स बसवतोय की महाल बांधतोय? त्या दिवसांत मी मिस्टरांची सगळी कारकीर्द दाराच्या चौकटीत उभं राहून ऐकली. इटलीतल्या समुद्रकाठच्या एका गावाची टीम, वरून दुसऱ्या दर्जाची. तिथे ते कित्येक वर्षं दुसरे गोलकीपर, म्हणजे बेंचवर बसणारे. मग काही वर्षं पहिले. मग इथल्या इटालियन लोकांच्या क्लबने बोलावलं, खेळायला आणि सोबत कामही देतो म्हणाले. गुडघे गेले तोपर्यंत ते इथे गोलमध्ये उभे राहिले, आणि गुडघे गेल्यावर त्याच गुडघ्यांवर बसून टाइल्स लावू लागले. त्यांनी अडवलेला एकही गोल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. जे आत गेले ते मात्र तोंडपाठ. पावसाळी मैदान, समोरच्याचा डावा पाय, आपण अर्धं पाऊल पुढे, झालं. डॅडी हळहळायचे, जणू काही कालच झालंय.

मी तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारून तो झेलायचे, धप्प, धप्प, धप्प, सगळ्या गल्लीच्या डोक्याला ताप. एक दिवस मिस्टर हात पुसत बाहेर आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, तू झेलताना डोळे मिटतेस. मी म्हटलं, नाही मिटत. त्यांनी बॉल घेतला, फेकला, आणि मी मिटले. मला असा राग आला! पुढच्या आठवड्यापासून मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. संध्याकाळी ते स्टेशनपलीकडच्या मैदानावर मुलींच्या टीमला शिकवायचे. इटलीत कोचला "मिस्टर" म्हणतात, म्हणून आम्ही सगळ्या नुसतं मिस्टर म्हणायचो. मम्मी पाठीमागे त्यांना इटालियन बाबा म्हणायची.

पाठीमागेच म्हणायची, कारण तोपर्यंत तिला त्यांचा लळा लागला होता. आमच्याकडे सुके बोंबील भाजायचे म्हणजे मोठा बेत असायचा. आधी सगळ्या खिडक्या लावायच्या, दाराखाली टॉवेल सरकवायचा, कारण एकदा शेजारच्या बाईंनी येऊन विचारलं होतं की घराखाली काही मेलंय का. मिस्टर एका रविवारी यूट लावून थेट त्या वासामागे किचनमध्ये आले, तव्यावर वाकले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या गावीही मासे असेच दोरीवर वाळत घालायचे म्हणे. त्या दिवसापासून रविवारी चर्चमधल्या मासनंतरचं त्यांचं जेवण आमच्याकडे. फिलू मावशीने, म्हणजे मम्मीच्या थोरल्या बहिणीने, वसईहून कुणाबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवली की त्यातली दोन-चार मिस्टरांसाठी बाजूला. ते ती बिनसाखरेच्या काळ्या कॉफीबरोबर खायचे आणि मम्मीला काहीतरी इटालियनमध्ये म्हणायचे. मम्मी मराठीत उत्तर द्यायची. मी दोघांनाही इंग्रजीत. आज माझा मुलगा मला तसंच इंग्रजीत उत्तर देतो तेव्हा मी चिडते. चिडायला तोंड नाही, तरी चिडते.

टीममध्ये गोलकीपर आधीच होती. मारिसा. तिच्या घरचे माल्टाचे, जवळच्याच गिरावीनकडे त्यांचा कोंबड्यांचा धंदा, आणि शाळेच्या आधी सकाळी ती अंड्यांचे क्रेट व्हॅनमध्ये चढवायची. हात काय होते तिचे! बॉल तिच्याकडे जायचा आणि तिथेच राहायचा. माझी ती जिवाभावाची मैत्रीण होती हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला खरं वाटणार नाही. ती पहिली, मी दुसरी. गोलकीपरचं हे असं असतं. बाकीच्या खेळाडूंना इकडे नाही तर तिकडे जागा मिळते, बारा जणी आलटून पालटून खेळतात. गोलमध्ये एकच. ती पडली तरच तुझा नंबर. आणि वर दुसऱ्या गोलकीपरचं काम काय, तर मॅचच्या आधी पहिलीला तयार करायचं, तिच्यावर बॉल मारायचे, तिचे हात गरम करायचे. आधी छातीवर, मग हातात, मग दोन्ही बाजूंना खाली, मग जोरात. आणि मिस्टरांचा एक नियम होता, तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. शेवटचा बॉल अलगद द्यायचा. अगदी लहान बाळ कुणाच्या हातात द्यावं तसा. म्हणजे ती मैदानात जाताना तिच्या हातांना झेललेलंच आठवतं, सुटलेलं नाही. मी तो बॉल प्रत्येक रविवारी मारिसाला दिला, आणि मग जॅकेट घालून बेंचवर बसले.

अख्खा सीझन मी बसले. शेवटी शेवटी घरी येऊन मी ग्लोव्हज कोपऱ्यात फेकायचे. स्वच्छ ग्लोव्हज, त्यांना चिखल माहीत नाही. सेमीफायनलला डिस्ट्रिक्टचे सिलेक्टर येणार असं कळलं त्या दिवशी मी बाथरूममध्ये, मिस्टरांनी लावलेल्या टाइल्सवर बसून, नळ सोडून रडले. मम्मी नर्स होती, तिला नळाच्या आवाजातलं रडणं बरोबर ओळखू यायचं. संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून तिने फोन कार्ड आणलं आणि फिलू मावशीला फोन लावला.

वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीला आमच्याकडे मेणाच्या वस्तू वाहतात, हे वेगळं सांगायला नको. पाय दुखतो तर मेणाचा पाय, मूल हवं तर मेणाचं बाळ. डॅडींचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अडकला होता तेव्हा मम्मीने मेणाचं विमान वाहिलं होतं, आणि व्हिसा आला. त्यानंतर माउलीच्या बाबतीत आमच्या घरात कुणी वाद घालत नसे. मम्मी मावशीला सांगत होती, लविनाच्या नावाने एक हात वाहा, पोरगी हातांनीच खेळते, तिला एकदा उभं राहायला मिळू दे. पलीकडून मावशीने काहीतरी विचारलं. मम्मीने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "कुठला म्हणून विचारतेय. उजवा की डावा?"

मी टीव्ही बघत होते. मी म्हटलं, उजवा.

नवस म्हणजे आपण काय मागतोय, हे त्या घडीला आम्हा दोघींपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी उभी राहायला हवी तर दुसरी कुणीतरी खाली बसायला हवी, एवढी साधी गोष्ट. मम्मीसारखी देवाला भिऊन असणारी बाई, हॉस्पिटलात परक्यांची जखम धुताना त्यांच्यासाठी प्रार्थना करणारी, तिनेही ती पाहिली नाही. आपल्या लेकराचं मागताना आईला बाकीची लेकरं दिसत नाहीत. मी आता आई आहे, मला माहीत आहे.

सेमीफायनलच्या सकाळी मासहून आम्ही थेट मैदानावर गेलो. थंडीचे दिवस, गवतावर दव, कॅन्टीनमधून सॉसेजचा वास. मारिसा उशिरा आली आणि ग्लोव्हज आधीच चढवून आली. ती नेहमी गोलपाशी आल्यावर ग्लोव्हज घालायची, दातांनी पट्टी ओढून. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी बॉल मारायला सुरुवात केली. छातीवरचे तिने घेतले. डाव्या बाजूचे घेतले. उजवीकडचे ती तळहाताने नुसते बाहेर ढकलत होती. जोराचे बॉल तर अंगावर घेत होती. मग मी शेवटचा बॉल दिला, अलगद. जो शेंबडं पोरही पकडेल असा. तो तिने दोन्ही कोपरांच्या मध्ये धरला, हात न लावता, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

मी जवळ गेले. ती हळूच म्हणाली, काल व्हॅनचं दार बोटांवर आलं, घरी माहीत नाही, तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, सिलेक्टर आलेत, फक्त आजचा दिवस. "प्लीज, लव. यू'र माय मेट."

मी मिस्टरांकडे चालत गेले. मैदानाची ती रुंदी अजून माझ्या पायांत आहे. मनात काय चाललं होतं ते सांगू? मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक, तिचं बोट मोडलंय, एक जोराचा बॉल बसला तर हात कायमचा जाईल, सांगायलाच हवं. दुसरी, उजवा. माउलीने उजवाच घेतला. नवस पावला. मिस्टर कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होते. मी म्हटलं, "मिस्टर, मारिसाचा हात बघा." त्यांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मी नजर वळवली. मग ते उठून तिच्याकडे गेले, ग्लोव्ह काढायला सांगितला, आणि ती काढेना तेव्हा स्वतःच सावकाश काढला. बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. मारिसा रडली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

त्या दिवशी मी चांगली खेळले. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाईट खेळले असते तर बरं झालं असतं. चांगली खेळले, एका गोलने जिंकलो, आणि संपल्यावर टाय घातलेल्या माणसाने येऊन डॅडींना माझं पूर्ण नाव विचारलं. डॅडींनी ते स्पेलिंगसकट दोनदा सांगितलं. एक्स-रेमध्ये मारिसाची दोन बोटं मोडलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, खेळली असती तर मूठ वळली नसती कधी. म्हणजे मी तिचा हात वाचवला. चर्चमध्ये, दुकानात, जो तो मला तेच सांगायचा. शाब्बास, खरी मैत्रीण. एका बाईंनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी तर काही खाल्लंही नव्हतं, तरी खवखवत होतं.

मम्मीला मी त्याच संध्याकाळी म्हटलं, उजवा हात, मम्मी. ती पीठ मळत होती, आमच्याकडचे तळलेले गोल फुगे करायचे होते, जिंकलो म्हणून. तिचे हात थांबले. तिने कपाळावर क्रूस केला, पिठाच्याच हाताने, आणि म्हणाली की आपण असं थोडंच मागितलं होतं. मी म्हटलं, मग कसं मागितलं होतं? फुगे तिने तळले, पण ते सगळेच्या सगळे डब्यात भरून डॅडींना मारिसाच्या घरी पोचवायला लावले. मारिसाच्या आईने डबा परत पाठवला तो अंड्यांनी भरून, आणि वर निरोप, तुमच्या मुलीचे उपकार कसे फेडू. मम्मीने ती अंडी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली. आम्हा दोघींच्या घशाखाली उतरेनात, शेवटी डॅडींनी ऑम्लेट करून खाल्ली.

मंगळवारी प्रॅक्टिसनंतर मिस्टर मला यूटमधून घरी सोडायला निघाले. मी त्यांना मेणाच्या हाताचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्यांची ती वाकडी बोटं स्टिअरिंगवर ठेवून बोलू लागले. इटलीत त्यांच्या पुढचा पहिला गोलकीपर सांद्रो नावाचा होता. जिवलग, दोघं एका खोलीत राहायचे. मिस्टर दर रविवारी त्याचे हात गरम करायचे. एका रविवारी सांद्रोने शेवटचा अलगद बॉल मनगट न वळवता घेतला. मिस्टरांना कळलं. सांद्रो म्हणाला, बोलू नकोस, मोठी मॅच आहे. मिस्टर बोलले नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात सांद्रो गोलपोस्टवर पडला आणि त्या मनगटाने पुन्हा कधी बॉल धरला नाही. पुढच्या रविवारपासून मिस्टर पहिले गोलकीपर. ज्या वर्षांच्या गोष्टी डॅडी तोंडाचा आ करून ऐकायचे, ती सगळी वर्षं तिथून आली होती. सांद्रोच्या आईने गावच्या चर्चमध्ये चांदीचा छोटा हात टांगला. मिस्टर त्या चर्चमध्ये परत गेले नाहीत.

मी विचारलं, मग तुम्ही मैत्री म्हणून गप्प राहिलात ना? त्याने सांगितलं होतं म्हणून?

"तेच मी स्वतःला विचारतो," मिस्टर म्हणाले. "तो पडला तेव्हा मी बेंचवरून उठलो. त्याच्याकडे धावायच्या आधी मी माझं जॅकेट काढलं होतं."

मग मी रडत म्हटलं, मी तर सांगितलं, मी बरोबर केलं, तरी मला असं का वाटतंय. त्यांनी डॅशबोर्डवरून टाइल्सची धूळ पुसायचं फडकं घेऊन मला दिलं, कारण गाडीत दुसरं काही नव्हतं, आणि मी त्याने नाक पुसलं तर सगळ्या तोंडाला सिमेंट लागलं. घरी कळलं, मम्मीने त्या दिवशी फिलू मावशीला पुन्हा फोन केला होता, आणखी एक हात वाहा म्हणून, या वेळी मारिसाच्या नावाने. मावशी म्हणे वैतागली, की तुमच्या फुटबॉलपायी माझे गुडघे त्या डोंगरावर जायचे.

मारिसाला भेटायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा ती झोपलीय असं सांगितलं गेलं. मिस्टरांनीही तिला बोलावलं नव्हतं. पण फायनलच्या दिवशी मी गोलपाशी ग्लोव्हज घालत होते तेव्हा ती मैदानाच्या कडेने चालत येताना दिसली, उजव्या हाताला स्प्लिंट, पायात बूट. मला वाटलं बघायला आलीय. ती बॉलच्या पिशवीतून एकेक बॉल पायाने बाहेर काढून ओळीत लावू लागली. आता दुसरी ती होती, आणि पहिलीला तयार करायचं काम दुसरीचं. मिस्टर लांब उभे होते, ते जवळ आले नाहीत.

तिने मारायला सुरुवात केली. छातीवर, मग हातात, मग खाली, सगळं क्रमाने. जोराचे आले ते असे आले की माझे तळवे ग्लोव्हजमध्ये भाजले. मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, मार, अजून मार, फिटू दे एकदाचं. शेवटचा बॉल राहिला तेव्हा तिने तो पायाखाली धरला आणि चालत माझ्यापर्यंत आली. तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. ती तेव्हा जे बोलली ते इंग्रजीत बोलली, पण मला ते इतकी वर्षं माझ्याच भाषेत ऐकू येतं.

"तू सांगितलंस ते बरोबर केलंस. पण मिस्टरांना सांगताना तू हसत होतीस, लव."

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आज गिरावीनच्या मैदानावर मी लहान मुलींना शिकवते, त्यांना तोच शेवटचा अलगद बॉल शिकवते, आणि बेंचवरच्या पोरीचं तोंड बघायची मला सवय लागलीय. पण स्वतःचं तोंड कुणाला दिसतं? ते मारिसाला दिसलं, आणि मिस्टरांना. म्हणून ते त्या दिवशी इतका वेळ बघत राहिले होते.

ती मागे गेली, नेहमीच्या अंतरावर. मी पाय रोवून उभी राहिले. तोंडावर आला असता तरी हात वर केला नसता. तिने बॉल डाव्या पायाने थांबवला, एकदा मिस्टरांकडे पाहिलं, आणि मग तो माझ्या हातात अलगद दिला. जसा मी प्रत्येक रविवारी तिला द्यायचे, तसाच.

मग तिने जॅकेट घातलं आणि बेंचवर जाऊन बसली.